ओरडणारा आधी की गप्प पडलेला? कोकणातल्या तातडीच्या शुश्रूषेचा इतिहास

मिरकरवाडा म्हणजे बंदर. माशाचा काटा हातात घुसणं, दोरात बोट सापडणं, पाण्यातून बाहेर काढलेला माणूस, हे इथल्या लोकांना नवीन नाही. पण आज आपण ज्या दोन दुखण्यांचा इतिहास बघणार आहोत, ती समुद्रातली नाहीत. ती मागच्या सड्यावरची, जांभ्याच्या फटींतली आहेत: विंचू आणि फुरसं.

प्रश्न साधा आहे. अपघात विभागात एकदम चार रुग्ण आले, तर सिस्टरनं आधी कोणाकडे जायचं?

याचं जुनं उत्तर युद्धभूमीवरून आलं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य डॉमिनिक लारे याचा दंडक होता, की हुद्दा बघायचा नाही, जखम किती गंभीर ते बघायचं. आजही क्रम तोच: आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. पण कोणत्या दुखण्यात धोक्याची खूण कोणती, हे मात्र त्या त्या मुलखातच शिकावं लागलं.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा विंचवानं माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत होती. मोठ्या काळ्या विंचवापेक्षा लहानसा तांबडा विंचू घातक. बावस्करांनी काय केलं? रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, नाडी जलद, आणि शेवटी फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस. ही निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. नुसतं दंशाच्या जागी दुखत असेल, रुग्ण ठणाणा करत असेल आणि हातपाय ऊबदार असतील, तर जिवाला धोका सहसा कमी. ज्याला विष अंगभर भिनलंय, त्याला ठणका कमीच जाणवतो. तो बरा होऊ लागला, की ठणका परत येतो! आपल्याकडे वेदना थांबली की ‘विंचू उतरला’ म्हणायचे आणि मांत्रिकाला नारळ द्यायचे. बहुतेकांचा विंचू आपोआप उतरतोच. पण गार पडलेलं मूल शांत झालं म्हणून घरी थांबलेल्यांचे मोलाचे तास गेले.

विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. त्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध बावस्करांनी वापरलं. 1986 मध्ये त्यावरचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे 2011 मध्ये 70 रुग्णांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला. त्यात प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिलेले रुग्ण लवकर बरे झाले.

औषध तोंडानं घ्यायची गोळी. म्हणजे यश कशावर? शुश्रूषेवर. नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजणं, घामानं आणि उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढणं, हातपाय ऊबदार होईपर्यंत ठरल्या वेळी पुढचा डोस देणं. आणि रुग्णाला आडवंच ठेवणं, कारण या गोळीनंतर एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते.

फुरशाची गोष्ट उलटी. साप वीतभर, दंश बारीक, माणूस चालत येतो. पण त्याच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. म्हणून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर सर्पदंशाची लस द्यायची. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय का तेही बघायचं. करकचून बांधलेली दोरी मात्र डॉक्टर जवळ असल्याशिवाय एकदम सोडायची नाही.

2014 पासून महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका आली, रस्ते सुधारले. पण दाराशी पोचल्यावरचा क्रम माणसालाच ठरवावा लागतो. आपलं माणूस ओरडत असताना सिस्टर शेजारच्या गप्प रुग्णाकडे गेली, की आपल्याला राग येतो. साहजिक आहे. पण तिनं त्या शेजारच्याचा हात हातात घेऊन पाहिलेला असतो, आणि तो गार लागलेला असतो.