भेटकलमाची कुळकथा

गोव्यात पोर्तुगीज अंमल 1510 साली बसला आणि त्याच शतकात जेझुइट पाद्र्यांनी आंब्यावर कलम बांधण्याची विद्या येथे रूढ केली, असे इतिहासकार मानतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खोडावर दुसऱ्या झाडाचे रोपण करण्याचा निर्देश सहाव्या शतकातच आलेला असल्यामुळे ती या भूमीस सर्वस्वी अपरिचित होती असे नव्हे. परंतु एकेका उत्तम आंब्यास नाव देऊन त्याचा वंश निर्भेळ राखण्याची वहिवाट दृढ झाली ती गोव्याच्या बागाइतीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मनुची या व्हेनिसच्या गृहस्थाने येथील आंब्यांची नावनिशीवार यादीच दिली असून, तीत निकोलाव अफोंस हे नाव आढळते. पुढे डिचोली आणि मग 1788 साली पेडणे पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत गेले. तेथील बागांतही आज मानकुराद आंबा कलमांवरच पोसला जातो.

भेटकलम बांधणारा रायवळ कोयीचे कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेतो, दोहोंची साल थोड्या लाकडासह दोन-तीन बोटे लांब तासतो, जखमेस जखम भिडवून केळीच्या सोपटाने आवळतो आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा एकजीव झाल्यावर वरचा रायवळ शेंडा व खालची फांदी छाटून टाकतो. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे!

हे साधते कसे? आंब्याच्या खोडात वाहिन्यांचे जुडगे वर्तुळाकार मांडलेले असतात. पाणी चढविणाऱ्या वाहिन्या आत, अन्नरस नेणाऱ्या बाहेर आणि दोहोंमध्ये सतत वाढणारा एक अतिशय कोवळा थर. मुळात याच दोन वाहिन्या एकाआड एक बसतात, खोडाकडे येताना त्यांची रचना पालटते. भेटकलमात जोड मुळाच्या वर, खोडात घेतात. दोन्ही अंगांचे कोवळे थर परस्परांस भिडले की नव्या वाहिन्या घडून रस वाहू लागतो. माल्पीघीने वनस्पतींच्या अंतर्रचनेवरील आपला ग्रंथ 1675 साली प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, त्याच्या कितीतरी आधीपासून माळ्याचा हात हा थर अचूक गाठीत होता. त्या हाताच्या ज्ञानाचा मला विलक्षण आदर वाटतो.

शेजारच्या माडाला मात्र ही तजवीज लागू पडत नाही. त्याचे आडवे कापलेले खोड पाहावे: वाहिन्यांचे ठिपके सर्वत्र विखुरलेले, कडेला दाट, मध्ये विरळ, वर्तुळ नाही आणि तो कोवळा थरही नाही. माडी काढणाऱ्या रेंदेराने पाय टेकण्यास घातलेली खाच त्यामुळे माड जिवंत असेतो भरून येत नाही, आणि बागाइतदाराला माड नारळ रुजवूनच, पोफळ सुपारी रुजवूनच वाढवावी लागते.