खाजण : पाणी की जमीन?

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात किनाऱ्यावरच्या भूरूपांचा एक धडा असतो. लाटा वाळू आणून टाकतात, तिचा दांडा तयार होतो, दांड्याच्या आतल्या बाजूला खारे पाणी अडकून राहते आणि त्या उथळ पाण्याला 'खाजण' म्हणतात, असे मुले पाठ करतात. आता हेच पुस्तक गोव्यात दिवाडी किंवा चोडण बेटावरच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे उघडून धरा. तो बुचकळ्यात पडेल. खाजण म्हणजे पाणी? खाजणात तर तो भात लावतो!

चूक कोणाची, असे विचारू नका. पुस्तक लिहिणाऱ्यांची अडचण खरी होती. आपला कोकण किनारा खडकाळ. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या लवकर समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी भरती आत शिरून खाडी होते. चिल्कासारखा, वाळूच्या दांड्याआड शेकडो चौरस किलोमीटर पसरलेला जलाशय आपल्याकडे नाही. जे डोळ्यांसमोर नाही त्याला लोक नाव कशाला देतील? केरळात असे जलाशय आहेत, म्हणून मल्याळममध्ये 'कायल' हा शब्द रोजच्या वापरातला. व्हेनिसवाल्यांच्या दारातच तसे पाणी होते. त्यांचा 'लगूना' इंग्रजांनी उचलला आणि त्याचे 'लगून' झाले. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द 'लाकूना' म्हणजे खळगा, डबके.

मराठी विश्वकोशाने यासाठी 'खारकच्छ' असा शब्द वापरला. शब्द विद्वानाला शोभेल असा आहे. कच्छ म्हणजे पाणथळ काठ. भडोचचे जुने नाव भरुकच्छ, आणि गुजरातचा कच्छ तर सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या रणाचेही तसेच. 'रण' हे लढाईचे नव्हे, ते संस्कृत 'इरिण' या खारवट ओसाड जमिनीच्या नावावरून आलेले. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या भागाला 'आयरिनॉन' म्हटले आहे. म्हणजे शब्दाचा पुरावा दोन हजार वर्षांचा! पण खारकच्छ काही बोलणाऱ्याच्या तोंडी बसला नाही. मग पाठ्यपुस्तकाने किनाऱ्यावरचा चालता शब्द घेतला, खाजण. घेताना त्याच्या अर्थाला मात्र ओलांडून पुढे गेले.

त्या शब्दाचे वय पाहा. गोव्यात बांदोडे येथे मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट मिळाला, सहाव्या-सातव्या शतकातला. त्यात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. दान जमिनीचे आहे, पाण्याचे नव्हे. ही जमीन आयती मिळत नसे, ती भरतीच्या तोंडातून काढून घ्यावी लागे. चिखल, पेंढा, चिवारीच्या फांद्या आणि जांभा दगड घालून बांध उभा करायचा. बांधाला लाकडी दारांची 'मानस' ठेवायची. भरतीचे पाणी वाढले की त्याच्याच दाबाने दारे बंद होतात, ओहोटीला आतले पाणी दारे ढकलून बाहेर जाते. माणसाने रात्री उठून काही करायचे नाही. मानशीजवळचा पाणी साठण्याचा खोलगट भाग म्हणजे 'पोंय'. पावसाळ्यात खारेपण सोसणारे कोरगुट भात, इतर दिवसांत मासळी. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होई. हे सारे गावकरी संस्था पाहत असे. पोर्तुगीज आले, पण ही व्यवस्था त्यांनी मोडली नाही. १५२६ च्या फोरालात त्यांनी गावकऱ्यांचे जुने रिवाज लिहून काढले आणि मान्य केले.

उत्तरेकडे याला 'खार' म्हणतात. अलिबाग-पेणकडचा खारेपाट हा त्यातलाच. तिथे मानशीला 'उघाडी' म्हणतात. बांध घालून तो राखणाऱ्याला शिलोत्रीदार म्हणत, आणि त्याबद्दल तो कसणाऱ्याकडून भात घेई. याच खारेपाटात चरी गावी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला, हेही विसरता येत नाही. आणि मुंबईतले खार? नाव तेवढे उरले. उमरखाडी आणि पायधुणी इथे एके काळी पाणी होते, हे आज आपल्याला नावच सांगते.

म्हणजे खाजण ना पुरते पाणी, ना पुरती जमीन. माणूस राबला तर जमीन, थांबला तर पाणी. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झाले. पण बांध राखण्याचे सामाईक काम गावकरी संस्थेकडून कूळ संघांकडे गेले आणि बऱ्याच ठिकाणी ते कोणाचेच राहिले नाही. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत येते, दोन-चार वर्षांत तिवरांची रोपे उगवतात. तिवरे वाढली की तोडता येत नाहीत, कारण कायद्याने ती संरक्षित आहेत, आणि किनाऱ्याच्या दृष्टीने ते हिताचेच आहे. पण शेतकऱ्याचे शेत गेले ते गेलेच. रायगडातही हीच रड आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजण जमिनींचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. तिथे सरकारी इंग्रजीतही शब्द 'खाजण'च आहे, त्याला दुसरा प्रतिशब्द मिळाला नाही.

अशा फुटलेल्या बांधाच्या आत ओहोटीच्या वेळी जाऊन पाहिले, तर चिखलात जुन्या भाताच्या वाफ्यांच्या रेषा अजून दिसतात. भरती आली की त्या बुडतात आणि वर नुसते पाणी. पुस्तकातला अर्थ तिथे खरा झालेला असतो. मानशीची फळी कोणी बदलायची, यावर गावात बैठका चालूच असतात.