शुद्धिपत्र आणि अपराधाची नोंद

परभणी जिल्ह्यांतील बोरीसारख्या गांवाचें जुनें दप्तर हातीं आल्यास त्यांतील एकही कागद टाकूं नये, असें आम्हीं संग्राहकांस नेहमीं सांगतों. परंतु अपराधाची नोंद जिवंत माणसाच्या भाकरीआड येते, म्हणून तिचा विचार निराळा केला पाहिजे.

राजदंड भोगलेला मनुष्य निर्मळ होतो, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. पेशवाईंत जातिबाह्य झालेल्यास प्रायश्चित्तानंतर शुद्धिपत्र देऊन पंक्तीस घेत. बोरी पुढें निजामाच्या राज्यांत होती. इंग्रजी मुलुखांत 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व 1911 च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यापर्यंत पोंचला. त्यायोगें फासेपारध्यांसारख्यांचीं नांवें केवळ जन्मावरून नोंदवहींत चढलीं. 31 ऑगस्ट 1952 रोजीं हा कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला नाहीं.

विलायतेंत 1974 च्या कायद्यानें, ठराविक काळ लोटल्यावर जुनी शिक्षा सांगण्याचें बंधन बहुतेक नोकऱ्यांपुरतें काढलें. अमेरिकेंतील हवाई राज्यानें 1998 सालीं नोकरीचा देकार देण्यापूर्वीं असा प्रश्न विचारण्यास मनाई केली. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाहीं. तथापि 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणें, घोर अपराधांचा अपवाद सोडून, अल्पवयी अपराध्यास पुढें अपात्रता लागत नाहीं व मुदतीनंतर त्याचे कागद नष्ट करावयाचे असतात.

कागद जपणाऱ्या आम्हांसही हा नाश मान्य आहे. जुनी नोंदवही इतिहासासाठीं अवश्य राखावी. नातवाविरुद्ध साक्षीस मात्र काढूं नये.