राख म्हणजे बायोचार नव्हे

गोठ्यात उग्र वास सुटला की चुलीतली राख भुरकावी, हा उपाय विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांपासून, केलेल्या बायोचारचा विषय निघाला की नागपूरकडचा शेतकरी सहज म्हणतो, ‘जळलेली पऱ्हाटीच ना ती? मग राखेनेच काय बिघडले?’

या म्हणण्याला आधार नाही असे नाही. राखेने ओल सुकते आणि जागा काही वेळ स्वच्छ वाटते. पण डोळे चुरचुरवणारा जो वास असतो, तो मुख्यतः अमोनियाचा, आणि त्याचे मूळ मूत्रात आहे. मोठे जनावर दिवसाला साधारण १० ते २० लिटर मूत्र टाकते. त्यातला युरिया शेणातल्या जिवाणूंच्या युरिएझ या विकराने फुटतो आणि अमोनिया तयार होतो. तो ओलीत टिकणार की हवेत उडणार, हे सामूवर ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर उडण्याजोगा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो; सामू ९ झाला की तो एक तृतीयांशाच्या वर जातो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हे प्रमाण आणखी चढते. राख तर तीव्र अल्कधर्मी. ओल्या गोठ्यात ती टाकणे म्हणजे विरघळलेला अमोनिया आपल्याच हाताने हवेत सोडणे.

बायोचारची गोष्ट निराळी. काडी हवेत पूर्ण जळली की खनिजे उरतात, ती राख. हवा रोखून तापवली की सच्छिद्र कार्बन उरतो, तो बायोचार. कोळशाचा वास शोषण्याचा गुण जुन्या रसायनज्ञांनाही ठाऊक होता. स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी १८५४ च्या सुमारास दूषित हवा गाळण्यासाठी लाकडी कोळशाचा मुखवटा सुचवला होता.

मात्र ‘कोणताही कोळसा टाका, वास जातो’ हा बायोचारच्या उत्साही पुरस्कर्त्यांचा दावाही तितकाच चुकीचा आहे. साधारण ३५० ते ४०० अंशांवर केलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी गट शिल्लक राहतात आणि ते अमोनियम धरतात. ६०० अंशांच्या पुढे हे गट झडतात, राखेचा अंश वाढतो आणि सामू चढतो. असा कोळसा इतर काही दुर्गंधी द्रव्ये शोषील, पण अमोनियाच्या बाबतीत तो राखेच्याच वळणावर जाऊ शकतो. प्रयोगांचे निष्कर्ष कधी अनुकूल, कधी प्रतिकूल येतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

‘एवढ्याशा वासासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. पण वासाबरोबर खत उडते. जो नायट्रोजन शेतकरी युरियाच्या गोणीतून विकत आणतो, तोच गोठ्यातून फुकट जातो. कृषी संशोधक अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला हे ओळखले होते. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथातील पद्धतीत जनावरांखाली माती पसरून मूत्र मुरवले जाई आणि ती माती कंपोस्टात जाई. कपाशीची धसकटेही ते रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि खताला वापरत. योग्य तापमानाचा बायोचार मातीचे तेच काम अधिक नेटाने करू शकतो. त्याचा भुगा ओलसर करून मूत्राच्या नालीत आणि अंथरणात टाकावा, भिजला की खतखड्ड्यात न्यावा. नाली साफ ठेवण्याला मात्र तो पर्याय नाही.

बंद पिंपात कोळसा करण्याची भट्टी हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. इकडे विदर्भात वेचणी संपली की पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नागपुरातच आहेत. त्यांनी मिळून भर उन्हाळ्यात एका गोठ्यात राख, दुसऱ्यात कमी तापमानाचा आणि तिसऱ्यात जास्त तापमानाचा पऱ्हाटीचा कोळसा टाकून अमोनिया मोजावा आणि आकडे गावोगाव पोचवावेत. वाद राखेचा असो वा कोळशाचा, त्याचा निवाडा मोजमापानेच व्हायला हवा.