वाँटेज ते केडगाव : पंडिता रमाबाईंचा विसावा

ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचं एक लहानसं बाजाराचं गाव आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या तुमच्यापैकी काहीजण तिथून गेलेही असाल. राजा आल्फ्रेडचा जन्म इथला, म्हणून भर चौकात त्याचा पुतळा आहे. मराठी माणसानं या गावाची आठवण ठेवावी ती मात्र दुसऱ्या एका कारणासाठी. २९ सप्टेंबर १८८३ या दिवशी पंचवीस वर्षांच्या एका मराठी विधवेनं आपल्या लहानग्या मुलीसह इथे बाप्तिस्मा घेतला. त्या पंडिता रमाबाई, आणि ती मुलगी मनोरमा.

रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आपल्याकडे गेली एकशेचाळीस वर्षं बोललं जातंय, आणि बहुतेक वेळा वादाच्याच सुरात. त्यांनी ते करायला हवं होतं की नको, हा प्रश्न आज आपण बाजूला ठेवू. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारू. पंचविशीच्या आत जिचं जवळजवळ सगळं माणूसबळ संपलं होतं, त्या बाईला या श्रद्धेत नेमकं काय मिळालं? आणि जे मिळालं त्याचं तिनं पुढे काय केलं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि हट्टी गृहस्थ. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विरोध झाला, पण त्यांनी ते सोडलं नाही. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. होता तो पैसा दानधर्मात आणि देवकार्यात गेला. मग दुष्काळ आला. १८७४मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघं हजारो मैल पायी हिंडली. पुढे आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी एक आठवण नोंदवली आहे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. तेव्हा या भावंडांनी वाळूत खड्डे केले, त्यात पडून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सत्कार झाले, पण मागची हानी भरून येणार नव्हती. १८८०मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२मध्ये कॉलऱ्यानं बिपिनबाबू गेले.

संसाराच्या त्या थोड्या दिवसांत, आसाममधल्या सिल्चरच्या घरी, रमाबाईंच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका लागली होती. ती त्यांना आवडली. तिथल्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याशी त्यांचं बोलणंही होत असे. बायकोनं ख्रिस्ती व्हावं हे पतीला पसंत नव्हतं, आणि विषय तिथेच राहिला. पण कलकत्त्यापासूनच एक गोष्ट त्यांना सलत होती. बायकांपुढे धर्मावर व्याख्यानं द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं वाचली होती. त्यांत स्त्रीला पुरुषासारखा मोक्षाचा सरळ रस्ता त्यांना कुठेच दिसला नव्हता.

पतीच्या मृत्यूनंतर त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, स्त्री-शिक्षिका हव्यात असं ठामपणे सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी इंग्लंडला जायचं ठरवलं. वाटखर्चाला पुस्तकाच्या विक्रीचे पैसे कामी आले. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या ख्रिस्ती भगिनींचं पुण्यात काम होतं, त्यांच्याकडे राहायची सोय झाली. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहणं, जेवण आणि इंग्रजी शिक्षण, असा तो व्यवहार होता. परक्या देशात आपली भाषा शिकवून पोट भरणाऱ्या पहिल्या मराठी बायकांमध्ये त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही.

एप्रिल १८८३मध्ये त्या निघाल्या तेव्हा धर्म बदलणार नाही असं त्या सांगत होत्या. मग काही महिन्यांत काय घडलं?

त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून यात लंडनच्या फुलम भागातल्या एका घराचा वाटा मोठा आहे. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी वाँटेजच्या भगिनी हे घर चालवत. रमाबाईंना तिथे काही दिवस पाठवण्यात आलं. अशा बाईला तिच्या गावात, तिच्या घरात पुन्हा जागा मिळत नाही, हेच त्यांनी आजवर पाहिलं होतं. इथे तिची शुश्रूषा होत होती, तिला काम शिकवलं जात होतं, तिच्याशी माणसासारखं बोललं जात होतं. हे कशामुळे, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. उत्तरादाखल तिनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. परजातीची, गावानं नावं ठेवलेली बाई. आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माची चर्चा करणारा येशू. या गोष्टीनं आपल्या मनाचा ठाव घेतला, असं रमाबाई लिहितात. बुद्धीच्या शंका होत्या त्यांना नेहेम्या गोरे यांच्या लिखाणातून उत्तरं मिळाली. गोरे हे मूळचे नीळकंठशास्त्री, स्वतः ख्रिस्ती झालेले मराठी पंडित.

याच सुमारास वाँटेजला एक भयंकर गोष्ट घडली. रमाबाईंच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा दुर्दैवी मृत्यू झाला. अनोळखी देश, कानानं कमी ऐकू येऊ लागलेलं, आणि सोबतीला होती ती एकुलती मराठी बाईही गेली. ऐकू येत नसल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेतही पुढे सोडावा लागला. बाप्तिस्मा झाला तो या सगळ्या पडझडीच्या मधोमध.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. दुःखानं खचलेली बाई आणि तिला मिळालेला धर्माचा आधार, एवढीच ही गोष्ट असती तर ती ओळखीची वाटली असती. पण रमाबाई खचून कुणाच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतर त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी? कोरायचीच तर संस्कृत का नकोत? शाकाहार सोडायचा नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय मान्य करायचा नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी तीही निमूटपणे ऐकून घेतली नाही. इकडे मायदेशी टीकेचा भडिमार चालूच होता. तेव्हा १८८५मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

म्हणजे आधी सोडून आलेल्या समाजाची नाराजी, आणि मग ज्यांच्यात गेल्या त्यांचीही. परदेशात राहणाऱ्या आपल्याला ही अवस्था अगदीच अपरिचित नाही. मग यात विसावा कुठे होता? मला वाटतं, रमाबाईंचा विसावा निवांतपणाचा नव्हता. आपल्याला कुणीतरी आहे तसं स्वीकारलंय, ही खात्री त्यांना मिळाली. ती मिळाल्यावर बाकी सगळ्यांशी वाद घालायला त्या मोकळ्या झाल्या.

ही खात्रीसुद्धा एका दिवसात आली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा कबुलीजबाब त्या पुढे देतात. मनाची खरी शांती त्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या आसपास सांगतात. मधल्या काळात त्या गप्प बसल्या नव्हत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या अमेरिकाभर बोलत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७मध्ये निघालं, आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ला मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत त्या खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द मोडला, असं सल्लागार मंडळाचं म्हणणं पडलं. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, कारण काही मुली खरोखरच ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंचं म्हणणंही सरळ होतं. मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आहे, मग मला माझ्या घरात माझी प्रार्थना लपवायला का सांगता? हा पेच तेव्हा सुटला नाही, आणि आजही तो सोपा नाही.

नंतर आला १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना आपलं बालपण आठवलं. त्या तिकडे गेल्या आणि भुकेनं कंगाल झालेल्या, कुणाच्याही तावडीत सापडू शकतील अशा शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर नेलं. तेच ‘मुक्ती सदन’. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, तिथे जवळजवळ १,५०० जणी राहत होत्या. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हे सगळं बायकाच चालवत. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. आणि तिथेच एक ‘कृपा सदन’ होतं, समाजानं टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी. फुलमच्या घरात जे पाहिलं होतं, ते रमाबाईंनी केडगावला उभं केलं.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं काम घेतलं. भाषा अशी हवी होती की खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईलाही कळावी. खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या मुक्ती सदनातल्याच बायका. काम चालू असतानाच जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. ती चाळीस वर्षांची होती, आणि संस्था पुढे तीच सांभाळेल असं आईनं धरलं होतं. म्हणजे उरलेलं एकुलतं माणूसही गेलं. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या, आणि ते मराठी बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झालं.

ज्या चर्चच्या बिशपांनी एकेकाळी त्यांच्या शिकवण्याला हरकत घेतली, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखलेला आहे. केडगावची संस्था अजून चालू आहे.

तुमची श्रद्धा कोणती, किंवा ती आहे की नाही, यावर रमाबाईंची ही हकीकत अवलंबून नाही. घरापासून दूर असताना माणूस गमावल्याचा फोन आपल्यापैकी अनेकांना आला आहे, आणि तेव्हा कशाला धरायचं हे ज्यानं त्यानं शोधलं आहे. कुणाला अभंगात ते मिळतं, कुणाला कामात, कुणाला प्रार्थनेत. रमाबाईंना ते मिळालं ख्रिस्तात. त्या आधारानं त्यांचं दुःख काही संपलं नाही. मनोरमेचं जाणं त्यांनाही सोसावंच लागलं. पण लहानपणी वाळू पांघरून रात्र काढणाऱ्या या मुलीनं पुढे शेकडो जणींना निजायला छप्पर दिलं. पुढच्या वेळी पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात, तर वाटेत केडगाव लागेल. जमल्यास उतरून पाहा.