क्षीणन
काचेच्या प्रकाशतंतूतून जाताना प्रकाशाची शक्ती जी घटत जाते तिला क्षीणन म्हणतात. ते डेसिबल प्रति किलोमीटरमध्ये मोजतात. माप लॉगरिदमी असल्याने आकडे फसवे वाटतात: ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, २० म्हणजे थेट शंभरावा भाग. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दूरसंचारासाठी किलोमीटरला २० डेसिबल ही मर्यादा मांडली. तेव्हाच्या तंतूंत घट हजाराच्या घरात होती, म्हणजे वीस मीटरांतच शंभरावा भाग उरायचा. दोष मुळात काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, हे त्यांचे खरे निदान. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी घट या मर्यादेखाली आणून दाखवली. आजच्या सिंगल-मोड तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला क्षीणन किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असते; शंभरावा भाग उरायला आता शंभर किलोमीटर लागतात. उरलेली घट बहुतांशी रॅले प्रकीर्णनाची, म्हणजे प्रकाश काचेतच विखुरण्याची; ती टळत नाही. क्षीणन आणि तरंगलांबी यांच्या आलेखात १३८३ नॅनोमीटरजवळ दिसणारा उंचवटा मात्र काचेत अडकलेल्या हायड्रॉक्सिलचा. केबल जोडणारे तंत्रज्ञ नुसते ‘लॉस’ म्हणतात, तेव्हा त्यात सांधे आणि कनेक्टर यांची घटही धरलेली असते.