इंटरनेट बंद : आधी आवाज कोणाचा जातो?



२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. लाखो बांधव जमले होते. शेजारच्या जिल्ह्यात काय घडलंय, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सरकारने इंटरनेट बंद केलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही. मोठ्या माध्यमांचं मौन पुरेसं होतं.

मग बातमी बाहेर आली कशी? आपले कार्यकर्ते गावात गेले, सत्यशोधन अहवाल लिहिले गेले. फोटो ई-मेलने गेले, एसएमएस फिरले, पत्रकं वाटली गेली, ब्लॉग लिहिले गेले. नोव्हेंबरमध्ये नागपूर, कामठी, अमरावतीत समाज रस्त्यावर उतरला. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांना मात्र यामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला. विचार करा, त्या महिन्यात विदर्भातलं नेटवर्क बंद केलं असतं, तर खैरलांजी हे नाव महाराष्ट्राला कळलं असतं का?

हा प्रश्न आजचा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. म्हणून 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' असा प्रवास झाला. ज्याच्याकडे छापखाना नाही, त्याचं म्हणणं जगापर्यंत पोचत नाही, हे बाबासाहेबांना पक्कं माहीत होतं. शंभर वर्षांनी आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आला आणि पहिल्यांदाच संपादकाची परवानगी न घेता बोलता आलं. नेमकं तेच साधन आज एका आदेशाने बंद होतं.

हा अधिकार सरकारकडे आला कुठून? इंग्रजांच्या १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातून. त्याच्या आधारे २०१७ साली दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम आले. त्याआधी जिल्हाधिकारी कलम १४४ वापरत. मे २०१७मध्ये सहारनपूरच्या शब्बीरपूरमध्ये आपल्या लोकांची घरं जाळली गेली, त्यानंतर तिथलं मोबाइल इंटरनेट बंद झालं. २० मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायदा सैल केला. ते प्रकरण आपल्याच कराडचं होतं. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशात इंटरनेट तोडलं गेलं. त्याच दिवशी ग्वाल्हेरमध्ये पिस्तूल चालवणाऱ्या माणसाचा व्हिडिओ बाहेर आला, म्हणून गोळी कोणी चालवली हे देशाने पाहिलं. नेटवर्क बंद असतं तेव्हा असे पुरावे फोनमध्येच अडकून पडतात.

जगातही हेच. जानेवारी २०११मध्ये इजिप्तच्या मुबारक सरकारने तहरीर चौकातल्या आंदोलनाच्या वेळी देशाचं इंटरनेट तोडलं. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावताना तेच केलं. आपल्याकडे काश्मीरला ऑगस्ट २०१९पासून पूर्ण ४जी मिळायला १८ महिने लागले. 'अॅक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४मध्ये म्यानमारमध्ये ८५ वेळा आणि भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झालं. लष्करशहा आणि लोकशाही यांच्यात फरक फक्त एकाचा!

सरकार म्हणतं, अफवा पसरतात. खरं आहे, पसरतात. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावती पेटली तेव्हाही हेच कारण देऊन इंटरनेट बंद केलं गेलं. पण अफवा तोंडोतोंडीही धावते. अडकतो तो खुलासा. आणि बंदीच्या काळात वाहिन्यांचे स्टुडिओ सुरूच असतात. म्हणजे ज्यांची माध्यमं आहेत ते बोलत राहतात, ज्यांचा फक्त फोन आहे ते मुके होतात. ही समान बंदी नव्हे.

इथे एक अवघड गोष्ट लपवून चालणार नाही. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द आला आणि कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी तिचं समर्थन केलं. विरोधक हे आपल्या तोंडावर फेकतात. त्यांना सांगा, त्याच दुरुस्तीने 'वाजवी' हा शब्दही आणला. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालय तपासू शकतं ते त्याच शब्दामुळे. १० जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: बेमुदत बंदी चालणार नाही, निर्बंध प्रमाणात हवा आणि आदेश जाहीर केलाच पाहिजे, म्हणजे त्याला आव्हान देता येईल.

म्हणून नुसतं संतापून भागणार नाही. आपल्या भागात इंटरनेट बंद झालं की तारीख, वेळ आणि वस्तीची नोंद ठेवा. लेखी आदेश कुठे आहे, ते विचारा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वकील मित्रांना गाठा. व्हिडिओची प्रत दुसऱ्या कार्डात ठेवा. आणि प्रत्येक विहारात फोन नंबरांची एक कागदी वही व पत्रक छापणाऱ्याचा पत्ता असू द्या.

गावगाड्याने महाराच्या पायांनी शेकडो वर्षं सांगावे पाठवले, अगदी मयताचेसुद्धा. त्याचा स्वतःचा सांगावा मात्र कोणी ऐकला नाही. आता तो आपल्या तोंडाने बोलतोय, तर टॉवर बंद करू देऊ नका.

जय भीम! जय संविधान!